बर्फ थांबल्यावरचं ऊन

मी चोवीस वर्षं भूगोल शिकवते आहे, आणि माझ्या सख्ख्या भावाला मी फोनवर सांगितलं, "बर्फ थांबलाय ना? ऊन पडलंय ना? मग नीघ की रे, वाट कसली बघतोस?" हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी काकांवर तोंडसुख घेईन, कंत्राटदाराच्या माणसाला शिव्या देईन, आणि तुम्हाला वाटेल, बाई मोठी शहाणी. शहाणी कसली! त्या दिवशी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पोकलेन चालवतो. शिकला आमच्याकडच्याच चिऱ्याच्या खाणीवर, मग हायवेच्या कामावर होता, आणि तिथून एका कंत्राटदाराबरोबर थेट हिमाचलात गेला, एका उंच खोऱ्यात रस्त्याच्या कामाला. हिवाळ्यात तिथलं बांधकाम थांबतं, पण रस्त्यावरचा बर्फ हटवायला दोन मशीनं आणि थोडी माणसं ठेवतात. त्या थोड्या माणसांत आमचा हा. डिसेंबरात आरे-वारेच्या किनाऱ्यावर पहाटेचा वारा लागला तरी ज्याला शिंका यायच्या, तो आता छातीएवढ्या बर्फात मशीन चालवतो, असं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. त्याने पाठवलेले व्हिडिओ दाखवायचो. पाहुणे म्हणायचे, "काय सुंदर!" आणि मीही म्हणायचे, "स्वर्ग आहे हो नुसता." त्या पांढऱ्या उतारांत धोका कुठे असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मला, भूगोलाच्या बाईला.

गणपतीत त्याला सुट्टी मिळायची नाही, कारण तेव्हा तिकडचं काम ऐन जोरात. तो यायचा शिमग्याला. आणि शिमग्याला त्याने यायलाच हवं, कारण आमच्या घराकडे निशाणाचा मान आहे. जयगडच्या वाटेवरचं आमचं गाव. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि तिच्यापुढे उंच काठीला बांधलेलं निशाण चालतं. ती काठी आमच्या घरातल्या पुरुषाने धरायची. बाबा गेल्यापासून भाऊ धरतो. काकांचे गुडघे गेलेले, त्यांना मुली तीन. मी आहे चांगली धडधाकट, दहावीच्या उंचाड्या पोरांना कानाला धरून वर्गाबाहेर काढते, पण माझा हात त्या काठीला चालत नाही. भाऊ नसला तर मान जाणार चुलत घराकडे, आणि चुलत घर त्यासाठी कित्येक वर्षं टपून बसलंय. "एकदा हात बदलला की बदलला," असं काका दर वर्षी बजावायचे. ही सगळी गोष्ट त्या काठीपायी झाली. एका बांबूपायी.

तर त्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर तिकडे वादळ आलं. शुक्रवारी दुपारी बर्फ पडायला लागला तो रविवार संध्याकाळपर्यंत. भावाची रजा सोमवारपासून होती. पालखी आमच्या दारात येणार शुक्रवारी. सोमवारी निघाला तरच तो गुरुवारी रत्नागिरी स्टेशनात उतरणार, एक दिवस इकडचा तिकडे करायला जागा नाही. आणि रस्ता बंद. त्यांच्या कॅम्पपासून खालचं गाव, जिथून बस सुटते, ते पायी दोन-अडीच तासांवर. मध्ये एक नाला ओलांडायचा. नाला म्हणजे पाणी नव्हे, डोंगरावरून सरळ खाली आलेली रुंद घळ, हिवाळ्यात बर्फाने भरलेली.

सोमवारी सकाळी साडेआठला त्याचा फोन आला. मी डबा भरत होते. काकांनाही त्याने त्याच फोनवर जोडून घेतलं होतं.

"ताई, काल थांबला. आज कडक ऊन हाय. पण चाचा नको म्हणतो."

चाचा म्हणजे तिथल्या रस्त्याच्या टोळीचा मुकादम. त्याच खोऱ्यातला, साठीला आलेला माणूस. भाऊ तिकडे दोन हिवाळे काढू शकला तो ह्या माणसामुळे. बूट कसे सुकवायचे, मशीनचं डिझेल गोठू नये म्हणून काय करायचं, श्वास लागला तर कसं बसायचं, हे सगळं ह्या चाचाने शिकवलं. त्याच्या बायकोने विणलेले मोजे भाऊ घालायचा.

"का नको म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो, डिसेंबरात थोडाच बर्फ पडला आणि मग दोन महिने नुसती कोरडी थंडी. त्या थंडीने खालचा बर्फ सगळा रव्यासारखा सुट्टा झालाय. त्याच्यावर आता हा तीन दिवसांचा जाड थर बसलाय, वाऱ्याने दाबलेला. खाली त्याला धरायला काय नाय. सकाळी कॅम्पच्या मागे चाललो तर पायाखालून धप्प करून आवाज आला. चाचा म्हणाला, हा आवाज वाईट. तीन-चार दिवस बसू दे म्हणतो. आणि जायचंच तर पहाटे, ऊन लागायच्या आत." मग जरा थांबून म्हणाला, "मोबाईलवर पण इशारा आलाय, हिमस्खलनाचा. लाल."

"लाल नि पिवळा!" काका फोनवर हसले. "आपला तलाठी दर जूनला देतो तसलाच ना?"

ह्यावर आम्ही तिघंही हसलो. का हसलो ते सांगते. आमच्या गावची वरची वाडी डोंगराच्या पोटात आहे. दर जूनमध्ये तलाठी येतो आणि घराघरात नोटीस देतो, दरडीचा धोका आहे, सुरक्षित जागी जा. सुरक्षित जागा म्हणजे माझी शाळा. काका नोटिशीवर सही करतात, तलाठ्याला चहा पाजतात, नोटीस देवाच्या फळीखाली सरकवतात आणि तिथेच झोपतात. सगळी वाडी हेच करते. डोंगर अजून आला नाही, म्हणून तो येणार नाही, असा आमचा हिशेब. सही केली की धोक्याशी आपलं देणंघेणं संपलं, असं आम्हाला खरोखर वाटतं. तोच हिशेब आम्ही त्या लाल इशाऱ्याला लावला.

"आकाश कसंय?" काकांनी विचारलं.

"निळंशार. ढग नाय एक."

"मंग काय तर! उघडलंय म्हणजे झालं. वेळेत पोच. तुझ्यावाचून निशाण हलायचं नाय."

आणि मग मी माझं ते वाक्य बोलले. वर आणखी म्हणाले, "बर्फ बर्फाला चिकटत नाही होय रे? काहीतरीच तुझा चाचा."

हे असं आम्ही पंचवीस मिनिटं बोललो. त्यात काकांनी चुलत घराची चार गाऱ्हाणी सांगितली, मी रेल्वेच्या तिकिटाचं विचारलं, काकांनी पुन्हा तेच सुरू केलं. नऊ वाजत आले तेव्हा भाऊ म्हणाला, "बरं. मंग निघतो." आणि त्या पंचवीस मिनिटांत तिकडे सूर्य वर येत होता.

शाळेत दुसरा तास मोकळा होता. शिक्षकखोलीत बसल्या बसल्या, सहज, मनात काही नसताना, मी पाठ्यपुस्तक उघडलं. हिमस्खलनावर एवढंसं काहीतरी आहे, ते मी दर वर्षी वाचून दाखवते आणि पुढे जाते. वाचलं. त्यात काहीच नव्हतं. मग फोनवर शोधलं. त्या भागाचं बुलेटिन उघडलं, त्याखालचं स्पष्टीकरण वाचलं, एक-दोन व्हिडिओ पाहिले.

वादळ सुरू असताना आणि ते थांबल्यावरचे पहिले एक-दोन दिवस, ह्याच काळात डोंगर सगळ्यात जास्त सुटतो. नवा बर्फ एकदम पडलेला असतो, तो अजून बसलेला नसतो. वारा एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला, आडोशाच्या उतारावर रचून ठेवतो. त्याची वर एक कडक लादी होते आणि खाली जुना सुट्टा थर. लादीवर पाय पडला की खालचा थर बसतो, तोच तो धप्प आवाज, आणि तडा उतारभर पळत जातो. वरून ऊन लागलं की आणखी सैल. म्हणजे आम्ही ज्याला उघडलंय म्हणत होतो, ते उघडलेलं आकाशच घातकी होतं. चाचाने शब्दन् शब्द खरा सांगितला होता. शाळा किती शिकला होता कोण जाणे, आणि मी बी. एड. झालेली बाई त्याला वेड्यात काढत होते!

आमच्याकडे आम्ही जन्मभर उलटं शिकतो. पाऊस लागला की घरात बसा, उघडीप मिळाली की बाहेर पडा. कपडे वाळत टाका, लावणी उरका, होडी काढा, पाहुण्याला गाडीत बसवून द्या. उघडीप मिळाली की आम्हाला घाईच सुटते. ती घाई मी दोन हजार किलोमीटरवरच्या एका डोंगरावर पाठवली.

फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. अकरा वाजून गेले होते. त्याच्याबरोबर सुट्टीला निघालेला एक वेल्डर होता, त्याचा नंबर माझ्याकडे होता, तोही बंद. मग कंत्राटदाराच्या तिकडच्या ऑफिसात लावला. एक माणूस बोलला, जेवता जेवता बोलत असावा.

"मॅडम, वो तो छुट्टी पर है."

म्हटलं, मला माहीत आहे तो रजेवर आहे, पण लाल इशारा असताना त्याला कॅम्पातून सोडला कुणी?

"मॅडम, छुट्टी शुरू होने के बाद हमारी ज़िम्मेदारी नहीं बनती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, तुमच्या रस्त्यावरचा बर्फ उपसायला माणूस तुमचा, आणि त्याच बर्फाखाली सापडला तर माझा? रजेच्या दिवशी डोंगर काय तुमचा मस्टर बघून खाली येतो? तो काहीतरी पुटपुटला आणि फोन ठेवला. शिक्षकखोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी हेडमास्तरांना सांगितलं, मी चालले, आणि स्कूटी काढून गावाला गेले.

काका सहाणेवर होते. सहाण म्हणजे देवळासमोरचा चौथरा, शिमग्यात पालखी तिथे बसते. चार-पाच जण मिळून कुठल्या दिवशी कुठली वाडी ते ठरवत होते. काकांच्या हातात यादी होती. मी स्कूटी उभी करून तिथूनच ओरडले, "काका, त्याचा फोन लागत नाही!"

"डोंगरात कुठला लागतोय फोन," काका म्हणाले. "ये, बस. पाणी पी."

मी त्यांना सांगायला लागले. रव्यासारखा थर, वरची लादी, ऊन. मला धाप लागली होती, शब्द एकमेकांत अडकत होते. काका ऐकत होते, पण डोळे यादीवर. शेवटी म्हणाले, "देव राखील बाय. त्याच्याच कामाला येतोय ना तो?"

"देवाने बोलावलं नाही त्याला, तुम्ही बोलावलंय!" मी म्हटलं. "मी बोलावलंय! देवाला काय पडलंय काठी कोण धरतो त्याचं?"

सहाणेवर असं कोणी बोलत नाही, बाई तर नाहीच. एक म्हातारा उठून उभा राहिला. काकांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "मास्तरीण आहेस ती शाळेत. हितं आवाज खाली ठेव." मी आवाज खाली ठेवला नाही. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण चुलत घरालाच द्या तो बांबू, जळो तो मान, असं काहीतरी बोलले खरी. मग सहाणेच्या पायरीवर बसले आणि दर पाच मिनिटांनी फोन लावत राहिले. तो बंदच होता. जमलेल्यांपैकी कोणी उठून गेलं नाही आणि कोणी माझ्याशी बोललंही नाही. यादीचं काम चालू राहिलं.

साडेचारला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी हाय."

मी काय केलं सांगू? मी देवळाकडे तोंड करून हात जोडले. दुपारी ज्याला बोल लावत होते त्याला हात जोडले. "आहे! आहे!" म्हणून ओरडले. काकांनी यादी खाली टाकली. कोणीतरी देवळातून साखर आणली. माझ्या तळहातावर साखर पडली तेव्हा भाऊ पलीकडून सांगत होता, आणि मला ते ऐकूच येत नव्हतं.

"ताई, ऐक ना. चाचा गेला."

"कुठे गेला?" मी विचारलं. खरंच असं विचारलं.

मग त्याने सांगितलं. सकाळी फोन ठेवल्यावर तो आणि वेल्डर दोघंच निघाले होते. चाचाने त्यांना अडवलं. नका जाऊ म्हणाला, हात धरला. भावाने त्याला पालखीचं सांगितलं, निशाणाचं सांगितलं, शुक्रवारी देवी दारात येणार आणि मी नसलो तर काय होईल ते सांगितलं. चाचाने हात सोडला. त्यांच्याकडेही देवता पालखीत बसून घरी येते. त्यांच्याकडेही तिला खांदा देणारी घरं ठरलेली असतात. पगारासाठी, लग्नासाठी, कशासाठीही त्याने सोडलं नसतं. पण देवता दारात येणार म्हटल्यावर तो आत गेला, फावडं आणि काठी घेऊन आला आणि म्हणाला, एकटे जाऊ नका, मी नाल्यापलीकडे सोडतो.

नाल्याच्या काठाशी त्याने फावड्याने खड्डा खणून दाखवला. वर घट्ट थर, खाली साखरेसारखे दाणे, हातात घेतले की गळून जाणारे. फावड्याच्या पाठीने त्याने वरच्या थरावर दोन थापा मारल्या आणि तो थर अख्खा सरकून त्याच्या पायाशी आला. चाचा म्हणाला, बघितलंस? अजूनही परत फिर. आजूबाजूला भोजपत्राची झाडं होती आणि मध्ये नाल्याच्या पट्ट्यात, जिथून बर्फ कोसळतो तिथे, एकही नव्हतं. भाऊ मला म्हणाला, "झाडं का नाहीत तिकडे, हे मला दोन वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाय गो." ऊन तोवर वरच्या उतारावर आलं होतं. माझ्या भावाने घड्याळ बघितलं. बस दीडची होती.

एकेकाने जायचं, वेळ आली तर टाकता यावी म्हणून पिशवीचे पट्टे सोडून, आणि पलीकडे पोचेपर्यंत दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही, असं चाचाने सांगितलं. आधी वेल्डर गेला. मग भाऊ. चाचा काठावर उभा राहून वर बघत होता, काही हललं तर ओरडायला. पुढे पुलाजवळ आणखी एक वाईट जागा होती, तीही पार करून देतो म्हणून तो शेवटी निघाला. त्याच्यासाठी वर बघायला मात्र कोणी नव्हतं.

"मी पलीकडे पोचलो आणि फोन काढला, ताई," भाऊ म्हणाला. "रेंज आली काय बघायला. काकांना सांगायचं होतं, पार झालो म्हणून."

धप्प झालं. मान वर केली तेव्हा उतारावर तड्याची आडवी रेघ पडली होती. चाचा मध्यावर होता.

दोघं उतरले आणि हातांनी उकरत राहिले. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट झाला होता. चाचाबरोबर फावडंही खाली गेलं होतं. "माझं मशीन तिकडे कॅम्पात उभं होतं, ताई. आणि मी नखांनी उकरत होतो." दोनच्या सुमाराला खालच्या गावातली माणसं आली आणि त्यांनी ह्या दोघांना ओढून नेलं, कारण वरचा अर्धा उतार अजून तसाच लटकलेला होता.

मी फोन कानाला धरून उभी होते. साखर घामाने तळहाताला चिकटली होती. मी सगळ्यांना सांगितलं, त्याला सोडायला आलेला माणूस गाडला गेला. सगळे च्च च्च म्हणाले. काका म्हणाले, "अरेरे. पण आपला सुखरूप हाय ना?"

मला त्यांच्या तोंडावर ती साखर फेकावीशी वाटली. पण फेकणार कोणत्या तोंडाने? आधी माझ्याही मनात तेच आलं होतं. चाचा गेला हे ऐकलं तेव्हा, दुसरा कुणीतरी गेला, हा नव्हे, म्हणून मी आतून सुटले होते. मी ते कोणाला सांगितलं नाही, आज सांगते आहे. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो काकांवरचा नाही.

भावाला तिथेच राहायचं होतं, चाचा सापडेपर्यंत. पण शोध घेणाऱ्या लोकांनी बाहेरच्या कोणाला वर जाऊ दिलं नाही, खालचं गाव रिकामं करायला लागले, आणि मंगळवारी त्याला बसमध्ये बसवून दिलं. काका त्याला तासातासाला फोन करत होते. "बसलास काय? दिल्लीला पोचलास काय?" मी एकदा त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि भावाला म्हटलं, तुला यायचं नसेल तर येऊ नको. शुक्रवारी पहाटे तो रत्नागिरीला उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या होत्या आणि बोटं सुजून काळी-निळी झाली होती. स्टेशनावर मला बघून तो म्हणाला, "आता आलोच हाय तर धरतो."

तेव्हापासून मी रोज सकाळी तिकडचं बुलेटिन बघते. नोव्हेंबर ते एप्रिल. भाऊ आता तिकडे नाही, तरी बघते. वर्गात हिमस्खलन मी आता एक अख्खा तास शिकवते. टेबलावर रवा पसरते, त्यावर पाटी ठेवते, टेबल एका बाजूने उचलते. पोरं हसतात, मग पाटी सरकते, मग गप्प होतात. आणि जूनमध्ये तलाठी आला की मी त्याच्याबरोबर वरच्या वाडीत जाते आणि सही नको, सामान बांधा, म्हणून घरोघर भांडते. लोक म्हणतात, बाईचं डोकं फिरलंय. फिरलंय तर फिरलंय. गेल्या पावसात सात घरं शाळेत झोपायला आली, काकांचं आलं नाही.

पण तो शुक्रवार सांगायचा राहिला. पालखी दुपारी आमच्या अंगणात आली. ढोल वाजत होते, भाऊ पुढे निशाण धरून. त्याची बोटं वळत नव्हती, म्हणून काठी त्याने कोपरांत आणि छातीशी दाबून धरली होती. माणसं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. मरणाच्या दारातून आला पण मान सोडला नाही, असं चुलत घरातले लोकसुद्धा म्हणत होते, आणि काका अभिमानाने सगळ्यांना पट्ट्या दाखवत होते. मी ओटी भरायचं ताट घेऊन दारात उभी होते. ताट खाली आपटावं असं वाटत होतं.

पालखी टेकली. गुरवाने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे गाऱ्हाण्यात देवीला सगळं सांगतात, कोण आजारी, कोण मुंबईला, कोणाचं लग्न जमू दे. प्रत्येक मागण्याला अंगण "व्हय म्हाराजा" म्हणतं. गुरव म्हणाला, आई, तुझं लेकरू एवढ्या संकटातून सुखरूप दारात आणलंस. "व्हय म्हाराजा!"

"आणि त्याला ज्याने पोचवलं त्याचं?" मी ओरडले. ढोल थांबलेले होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "तो अजून बर्फात आहे! त्याच्यासाठी घाला गाऱ्हाणं! तुमच्या मानापायी गेला तो!"

काका पुढे आले मला गप्प करायला. पण गुरव म्हातारा माणूस, त्याने हात वर केला. "बरोबर बोलते ती," तो म्हणाला. "घालतो. नाव सांग त्याचं."

मी भावाकडे बघितलं. सगळ्या अंगणाने बघितलं. भाऊ काठी छातीशी धरून उभा होता. त्याचे ओठ हलले, पण नाव आलं नाही. दोन हिवाळे ज्याच्या हातचं खाल्लं, त्याला तो चाचा म्हणायचा. कॅम्पात सगळेच चाचा म्हणायचे. नाव त्याने कधी विचारलं नव्हतं.

"फोनमध्ये बघ," कोणीतरी म्हणालं. फोनमध्येही "चाचा" असंच होतं. खाली दुसरा एक नंबर होता, "चाचा घर". भावाची बोटं चालेनात, म्हणून मी त्याच्या खिशातून फोन काढला आणि तो नंबर लावला. पालखीसमोर सगळे उभे. दोन रिंगा झाल्या आणि एका बाईने उचलला. तिच्यामागे बऱ्याच माणसांचा आवाज येत होता.

मी सांगितलं, मी रत्नागिरीहून बोलतेय, मशीनवाल्याची बहीण. पुढचं वाक्य मी मनात जुळवत होते. त्याआधीच ती बोलली.

"पहुँच गया आपका भाई? देवता आ गए?"

मी हो म्हटलं. पोचला. देवी आत्ता दारात आहे.

"अच्छा," ती म्हणाली. "फिर ठीक है. वो होते तो यही पूछते."

गुरव हात जोडून नावाची वाट बघत होता. मला ते तिला विचारता येईना.